पांदणीतला भोंगा

"भोंग्यानं कोनाचं काय वाकडं झालं, तेवढं सांग मले," गुलाबराव पुन्हा म्हणाला.

हौसाबाईने तव्यावरची भाकर उलटली, तर ती एका अंगाने करपलेली. भांडण चहाच्याही आधी सुरू झालं होतं आणि आता भाकरीपर्यंत आलं होतं. पहाटे रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप फुलकोबीत शिरला. गुलाबराव नेहमीसारखा गाडी घेऊन धुऱ्याकडे, शेताच्या बांधाकडे, निघाला; गाडीचा भोंगा वाजवला की रोही पळतात, हे त्याचं रोजचं काम. पण आज हौसाबाई पदर खोचून गाडीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. नवरा-बायकोची हुज्जत चालू असताना रोह्यांनी पोटभर कोबी खाल्ली, उरलेली तुडवली आणि आपल्या चालीने निघून गेले.

"जन्मात असं पाह्यलं नाही. रोही कोबी खाऊन राह्यले आन् मालकीन गाडीले आडवी. त्यायची मावशी लागतं काय तू?"

भिंतीला टेकून बूट घालणारा सार्थक तोंड फिरवून हसला. हा त्यांचा मुलगा, मंगरूळपीरला मोटार वाइंडिंगच्या दुकानात कामाला जायचा. भोंग्याची वायर त्यानेच जोडलेली होती.

"सुनेचे दिवस भरले," हौसाबाई म्हणाली. "आवाजानं दचकते ती."

सुप्रिया उंबऱ्याशी पाय पसरून तुरीच्या शेंगा सोलत होती. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण तिला आई नव्हती, म्हणून ते सासरीच व्हायचं ठरलं होतं. तिने मान वर केली.

"मी कुठं दचकते, आत्याबाई? मले तं तो आता ऐकूही येत नाही."

तिने ते सहज म्हटलं. सासऱ्याची बाजू घ्यावी असंही तिच्या मनात नव्हतं. हौसाबाईचं बोट तव्याला लागलं आणि तिने ते काढून घ्यायला थोडा वेळ लावला.

"पाह्य," गुलाबराव म्हणाला. "पोरीले काही नाही. तुलेच कायतरी झालं हाये."

तो जेवला, पहिल्या खेपेची वांगी भरली आणि बाजाराला गेला. पांदणीच्या, मळ्यांमधल्या गाडीवाटेच्या, वळणावर त्याने मुद्दाम भोंगा वाजवला. लांबलचक.

भोंग्याने कुणाचं काय वाकडं झालं, ते हौसाबाईला माहीत होतं. घरात फक्त तिलाच माहीत होतं. पांदणीच्या शेवटच्या घरातल्या गोजराबाईचं झालं होतं.

*

गाडी मुळात रुग्णवाहिका होती. एका खाजगी दवाखान्याने ती कामातून काढली आणि गुलाबरावाने भाजी वाहायला घेतली. कागदोपत्री ती साधी गाडी झाली, वरचा निळा दिवा निघाला, अंगावर पांढरा रंग चढला. पण पावसात भिजली की रंगाखालची लाल अक्षरं ओल्या कपड्यातून अंग दिसावं तशी दिसायची.

हौसाबाई मेडशीची लेक. लग्न होऊन या मळ्यात आली ती भाजीच्या पाट्या डोक्यावर घेऊन. पाट्या डोक्यावरून एसटीच्या टपावर गेल्या, टपावरून ऑटोत आल्या, पण तिच्या जिवाचा घोर काही कमी झाला नाही. ती भित्रीच. पंपाचा खटका ती लाकडी काडीने दाबायची. विहिरीच्या काठावर कुणी बसलं की ती हाक मारून त्याला उठवायची. आणि अशा बाईच्या दारात गुलाबरावाने ही गाडी आणून उभी केली. किती जणांनी आत शेवटचा श्वास घेतला असेल, याचा हिशेब ती मनातल्या मनात करत बसली. तिने आत गोमूत्र शिंपडलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, आणि तरी पहिल्या दिवशी बाजाराला ती एसटीनेच गेली.

मग सवय झाली. बाईला कामाच्या वस्तूची सवय होतेच. स्ट्रेचर सरकवायचे रूळ खाली तसेच होते, त्यावरून वांग्याचे क्रेट बोटाने ढकलले तरी आत जायचे. सलाइनच्या आकड्याला सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, पिशवी टांगता यायची. औषधाचा वास मात्र गेला नाही. उन्हात गाडी तापली की मेथीला दवाखान्याचा वास लागायचा. बाजारात बायका नाक मुरडायच्या, म्हणून हौसाबाई गाडीपासून लांब, दुसऱ्या टोकाला जाऊन बसायची.

गुलाबरावाचं मात्र त्या गाडीने रूपच पालटलं. शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा तो माणूस. आयुष्यात त्याला कुणी कधी बाजूला होऊन वाट दिली नव्हती. तहसिलीत त्याचा नंबर मागे ढकलला जायचा, लग्नाच्या पंगतीत तो शेवटी बसायचा. आणि आता पांढरी गाडी मागे आली की मोटारसायकलवाले चटकन कडेला होत होते. काढून टाकायचा म्हणून काढलेला रुग्णवाहिकेचा भोंगा, म्हणजे सायरन, त्याने भंगारात दिलाच नाही. रोह्यांसाठी राहू दे म्हणाला. सार्थकने बॉनेटच्या आत तो बसवला आणि स्टेअरिंगखाली बटन दिलं. रोही खरंच पळाले. पहिल्या हंगामात आजूबाजूचे मळेवाले येऊन बघून गेले, त्यातल्या मदनसिंगने तर आपल्या हरभऱ्याला दोन चकरा मारायला लावल्या.

पण बटन हाताखाली असलं की हात नुसता राहत नाही. बैल आडवा आला, वाजव. पोरं रस्त्यात खेळतात, वाजव. हळूहळू तो आवाज पांदणीतल्या सगळ्या घरांचा झाला. पहाटे वाजला की बायका म्हणायच्या, गुलाबराव निघाला, उठा. शाळेतली पोरं त्याची नक्कल करत पळायची.

आणि हौसाबाईपुरता त्या आवाजाला एक खास अर्थ होता. पहिली खेप बाजारात टाकून गुलाबराव परत यायचा तेव्हा पांदणीच्या तोंडाशी भोंगा वाजवायचा. म्हणजे दुसऱ्या खेपेचे क्रेट बाहेर काढ. पांदण इतकी अरुंद की गाडी वळायची सोय नाही. तो गाडी उलटीच आत आणायचा. म्हणून हौसाबाई क्रेट रस्त्याच्या मधोमध रचून ठेवायची, की मागचं दार उघडलं की सरळ रुळांवर. भोंगा ऐकला की क्रेट रस्त्यात, ही तिच्या हाताला लागलेली सवय होती. डोक्याला विचारायचं कामच नव्हतं.

यंदाची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती, तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी सकाळी गुलाबरावाने तिच्या मेथीला नाव ठेवलं होतं. जुड्या बारीक बांधतं, गिऱ्हाईक मले बोलते, असं काहीसं. ती धुमसत पांदणीच्या कडेच्या कडुलिंबाखाली जुड्या बांधत बसली होती. भोंगा वाजला. ती उठली, वांग्याचे क्रेट ओढून पांदणीच्या मधोमध रचले आणि पुन्हा मेथीत येऊन बसली. गाडी आल्याचा आवाज आला, पाठोपाठ हॉर्न. पुन्हा हॉर्न. तिने मान वर केली नाही. ओरडू दे म्हणाली मनात. जाड जुडी पाहिजे ना, थांब मग. तिने एक जुडी बांधली, दाबून, पेंढीसारखी. मग आणखी एक. दोन का तीन, ते तिला आजही नक्की आठवत नाही, आणि आठवत नाही म्हणूनच ते रोज आठवतं.

मग अनोळखी आवाज आला. "बाई, पेशंट हाये पुढं."

ड्रायव्हर कोवळा होता, ओठावर नुकती मिशी. तो स्वतःच क्रेट उचलून धुऱ्यावर फेकत होता. त्याच्यामागे खरी रुग्णवाहिका उभी होती, दिवा फिरत होता. हौसाबाई धावली, तिच्या हातून एक क्रेट सांडला, आणि गाडी वांग्यांवरून निघून गेली. पेशंट कोण, ते तिला विचारावं लागलं नाही. पुढे एकच घर होतं, गोजराबाईचं. थोड्या वेळाने गाडी परत गेली तेव्हा काचेतून तिला गोजराबाईच्या मुलाची, संघदीपची, पाठ दिसली, आईवर वाकलेली.

गोजराबाईला अर्धांगाचा झटका आला होता. ती वाचली. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. त्याआधी तिने बांधावरून हाक मारली की डांबरी रस्त्यावरचा माणूस थांबून बघायचा. सार्थक झाला तेव्हा पाणी तापवायला तीच आली होती आणि तिच्या मोठ्या आवाजाने पोर आधीच घाबरलं, असं सगळे हसून म्हणाले होते. आता ती खाटेवर पडून असायची, आणि तोंडातून यायचा तो नुसता घोगरा वारा.

हौसाबाई भेटायला गेली तेव्हा तिने मेथी नेली नाही, लिंबं नेली. संघदीप तिच्याजवळ दारात उकिडवा बसला. विजेची पाळी रात्रीची आली की यांच्याही वाफ्यांना पाणी देऊन जाणारा पोरगा तो. हळू आवाजात म्हणाला, "मीच उशीर केला, मावशी. माय म्हने हात जड झाला, मी म्हटलं गॅस असन. मंग फोन लावला. डॉक्टर म्हनले, थोडं आधी आनलं असतं तं एवढं गेलं नसतं."

"असं नोको म्हनू, बाप्पा," हौसाबाई म्हणाली. बस एवढंच. पुढचे शब्द जिभेवर येऊन बसले होते, आणि ती लिंबं पिशवीतून काढून जमिनीवर रचत राहिली. खाटेवरून गोजराबाई तिच्याकडे बघत होती. ती सगळ्यांकडेच तशी बघायची, पण हौसाबाईला ते कोण समजावणार?

त्या दिवसापासून तिची भीती जागेवर बसली. आधी ती पंपाला भ्यायची, विहिरीला भ्यायची. आता सगळं येऊन एका माणसावर थांबलं, त्या कोवळ्या मिशीच्या ड्रायव्हरवर. बाजारात रुग्णवाहिका दिसली की ती पदर ओढून पाठमोरी व्हायची. संघदीपची आणि त्याची कधीतरी गाठ पडेल. उशीर काहून झाला, असं हा विचारेल, आणि तो सांगेल, लिंबाखाली एक बाई मेथी बांधत बसली होती. गुलाबरावाला तिने सांगितलं नाही. तो एकतर चहाच्या टपरीवर बोलून बसला असता, नाहीतर म्हणाला असता, तं मंग काय झालं. दोन्हीपैकी जास्त वाईट काय, ते तिला ठरवता येत नव्हतं. म्हणून ती भोंग्याला कारणं शोधत राहिली. बॅटरी उतरते, पोलीस पकडतील, सून दचकते. गुलाबराव हसण्यावारी नेत राहिला.

*

दुपारी सुप्रियाला कळा सुरू झाल्या.

घरात दोघीच होत्या. गुलाबराव बाजारातून निघाला नव्हता, सार्थक दुकानात. हौसाबाईने आधी शेजारच्या मळ्यातल्या पंचफुलेला हाक मारली. ती गावची आशाताई, अशा वेळी न घाबरणारी बाई. पंचफुलेने सुप्रियाच्या पोटावर हात ठेवला, कपाळाला आठी घातली आणि म्हणाली, सरकारी गाडीले फोन लावून ठेवा, येईपर्यंत पाहू. हौसाबाईने फोन लावला. पत्ता सांगताना तिची जीभ अडखळली. पांदणीत या, लिंबाच्या झाडापासून आत. लिंबाच्या झाडापासून, हे तिने दोनदा सांगितलं.

मग ती घरात थांबू शकली नाही. सुप्रियाचा हात पंचफुलेच्या हातात देऊन ती पांदणीत आली, रस्ता मोकळा आहे की नाही ते बघायला.

रस्ता मोकळा नव्हता. लिंबापाशीच मदनसिंगची ट्रॉली आडवी लागली होती. दोन गडी फावड्याने शेणखत धुऱ्यावर ओढत होते आणि मदनसिंग ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून तंबाखू मळत होता. हौसाबाई त्याला ट्रॉली काढायला सांगणार, तेवढ्यात लांबून भोंगा ऐकू आला.

तिने मदनसिंगकडे पाहिलं. त्याचा अंगठा तळहातावर फिरतच होता. गड्यांची फावडी थांबली नाहीत. एकानेही मान वळवली नाही. पलीकडच्या वाफ्यात खुरपणाऱ्या बायका खुरपत राहिल्या. भोंगा मोठा होत होता, जवळ येत होता, आणि पांदणीत सगळं जसंच्या तसं चाललं होतं, जसं वाऱ्याने लिंब हलावा आणि कुणी बघू नये.

"भाऊ, ट्रॉली काढा," ती म्हणाली.

"काढतो ना, वहिनी. चार फावडे राह्यले. गुलाबरावले म्हना, बिडी पे तोवर."

"ते नाही होय. सुप्रियाले दवाखान्यात न्यायचं हाये. गाडी बोलावली म्या."

मदनसिंगने तंबाखू ओठाखाली सोडली आणि कान दिला. मग मान हलवली. "गुलाबरावच हाये. मले वळखू येत नाही काय त्याचा भोंगा?"

हौसाबाई तिथेच उभी राहिली. तिला ओळखू येत नव्हता. तिने कान देऊन ऐकलं, श्वास धरून ऐकलं, आणि नवऱ्याचा भोंगा कोणता, सुनेला न्यायला येणारा कोणता, हे तिला काही केल्या सांगता येईना. गाडी नेहमीसारखी उलटी वळणावर आली. पांढरी. ओल्या चिखलाचे शिंतोडे उडालेल्या मागच्या दारावर रंगाखालची लाल अक्षरं पुसट दिसत होती. खिडकीतून मान बाहेर काढून मागे बघणारा गुलाबराव होता.

"पाह्यलं?" मदनसिंग खुशीत म्हणाला.

ती वळली आणि घराकडे पळाली. घरात सुप्रिया भिंतीला टेकून पाणी पीत होती. कळा ओसरल्या होत्या. पंचफुला म्हणाली, खोट्या कळा हायेत, पहिलटकरणीला येतात. नका काळजी करू, पन आता कधीही, आज नाही तं उद्या. सरकारी गाडीला पुन्हा फोन करून तिनेच नको म्हणून सांगितलं. हौसाबाई कोपऱ्यातल्या माठाशी बसली. तिला कुणीतरी पाणी दिलं. तिने ते प्यायचं सोडून हातात तसंच धरलं.

गुलाबरावाला कळलं तेव्हा तो आधी घाबरला आणि मग लगेच थोर झाला. सरकारी गाडी कायले पाहिजे म्हणाला. आपली गाडी हाये ना. रूळ हायेत, गादी टाकू. "भोंगा वाजवत असा नेतो, का वाशीमपर्यंत कोनी आडवा येनार नाही."

हौसाबाईने त्याच्याकडे पाहिलं. तो खरंच तसं समजत होता. आपण वाजवलं की रस्ता मोकळा होतो, असं त्याला वाटत होतं. या पांदणीत आता कुणी हलत नाही, हे त्याला माहीतच नव्हतं. तो गाडीच्या आत बसायचा, तिथून बाहेरची फावडी दिसत नाहीत.

संध्याकाळपर्यंत ती कामं करत राहिली. शेंगा निवडल्या, गोठा झाडला. झाडता झाडता दोनदा थांबली. संघदीपच्या दारात उभं राहून खरं सांगायचं म्हटलं की झाडलेलीच जागा ती पुन्हा झाडत होती. तो काय करेल? ओरडेल, की तो पोरगा ओरडणार नाहीच, नुसता आईकडे बघेल? बोलला नाही तर जास्त वाईट. आणि खाटेवरचे ते डोळे. ते तर माहीत असल्यासारखेच बघतात. एवढे दिवस गप्प राहून आता जायचं, म्हणजे गप्प बसल्याचाही जाब आला. पांदणीतल्या बायका उद्यापासून तिची मेथी हातात घेतील की नाही, देव जाणे. तिने झाडू टेकवला आणि मनाशी म्हटलं, राहू दे, नुसता भोंगा काढला तरी पुरे.

पण नुसता भोंगा काढून भागणार नव्हतं. भोंगा निघाला हे मदनसिंगला कोण सांगणार? काहून निघाला, हे सांगितल्याशिवाय तो विश्वास ठेवील? गुलाबरावच हाये म्हणत तो तंबाखू मळत बसेल, आणि आत सुप्रिया असेल.

दिवेलागणीला सार्थक आला. तो बायकोजवळ थोडा वेळ बसला, मग सगळे जेवायला बसले. हौसाबाईने वाढलं. वांग्याची भाजी होती, ती तिने स्वतःच्या ताटात घेतली नाही. गुलाबराव गाडीत गादी कशी टाकायची ते सार्थकला समजावत होता, आकड्याला चादर बांधून पडदा करू म्हणत होता. त्याचं बोलणं संपेपर्यंत ती थांबली. मग भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"सकाळी तुमी इचारलं, भोंग्यानं कोनाचं काय वाकडं झालं," ती म्हणाली. "गोजराबाईचं झालं. तिले न्यायला गाडी आली, तं मले वाटलं तुमीच हाये. म्या क्रेट आडवे लावले आन् मेथी बांधत बसली. हॉर्न वाजून राह्यला, तरी उठली नाही."

सार्थकचा घास हातात राहिला. सुप्रियाने पोटावर हात ठेवला. गुलाबरावाने ताट बाजूला सारलं. बाहेर कुठेतरी पंप चालू झाला.

"म्हणजे, तू कोनाले सांगितलं तं नाही?" शेवटी गुलाबरावाने विचारलं.

"उद्या सांगते," हौसाबाई म्हणाली. तिचा आवाज रोज बाजाराला काय न्यायचं ते सांगावं तसा होता. "सकाळी आधी संघदीपकडे जाते. तिथून मदनसिंगकडे, मंग पांदणीतल्या सगळ्या घरी. आपला भोंगा बंद झाला, आता वाजला तं तो खरा, असं सांगून येते. काहून बंद केला, ते बी सांगते. भाजी उद्या जानार नाही. सार्थक, हात धुवून आधी त्या भोंग्याची वायर काप."